फटका हुकतो तेव्हा

२०२५ सालच्या जून महिन्यात अंधेरीच्या क्रीडासंकुलात ‘रग्बी प्रीमियर लीग’ नावाची स्पर्धा भरली होती. सहा संघ, मैदानावर प्रत्येकाचे सात-सात खेळाडू, आणि त्यांत आपल्या देशातील मुलांबरोबर परदेशांतले नामवंतही. आमच्या वाशीच्या धर्मग्रामातील काही युवक खाडी ओलांडून तो खेळ पाहून आले. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर येतो तोच त्यांनी आम्हांला अंगणात गाठले.

“फादर, या खेळात सर्वांत कठीण जागा कोणती?” एकाने विचारले.

“पंधरा जणांच्या मूळ खेळात दहा क्रमांकाची,” एवढेच उत्तर देऊन आम्ही विषय बदलला. मुलांना त्याचे नवल वाटले असावे. कारण एरव्ही खेळाची गोष्ट निघाली की आम्हांला आवरावे लागते. परंतु त्या दहा क्रमांकाशी आमचा एक जुना हिशेब आहे. तो आज वाचकांपुढे मांडण्याचे ठरविले आहे.

रग्बी हा खेळ मुंबईला नवा नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो पावसाळ्यात खेळला जातो. गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना कामानिमित्त फोर्टात जाणे झाले की आम्ही आझाद मैदानाच्या बाजूने चालत येत असू आणि कुंपणापाशी थबकत असू. चिखलाने माखलेले ते धिप्पाड गडी एकमेकांना भिडत, पडत, उठत. या दंगलीत एकच खेळाडू आम्हांला नेहमी वेगळा वाटे. चेंडू घोळक्यातून बाहेर आला की तो त्याच्या हाती येई. क्षणभरात त्याला ठरवावे लागे की चेंडू सहकाऱ्याकडे फेकायचा, स्वतः घेऊन धावायचे, की लांबवर लाथाडायचा. आणि तो ठरवीत असतानाच समोरून दोन-तीन धटिंगण त्याच्या अंगावर धावून येत असत. या जागेला ‘फ्लाय-हाफ’ म्हणतात. त्याच्या पाठीवर दहा क्रमांक असतो.

पुष्कळ संघांत खांबांमधून चेंडू मारण्याचे कामही याच खेळाडूकडे असते. रग्बीचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीच्या वरून आणि दोन उभ्या खांबांच्या मधून चेंडू गेला पाहिजे. प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळालेल्या अशा फटक्याला तीन गुण. चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकविला तर पाच गुण, आणि त्यानंतरच्या फटक्याला आणखी दोन. याखेरीज खेळ चालू असताना चेंडू हातातून जमिनीवर सोडून, तो उसळताच लाथ मारून खांबांमधून धाडता आला तर त्याचेही तीन गुण; याला ‘ड्रॉप गोल’ म्हणतात. बाकीचे चौदा जण अंगाने झुंजतात. हा मात्र हजारो डोळ्यांसमोर एकटा उभा राहून फटका मारतो. तो साधला तर जय संघाचा, आणि हुकला तर लोकांच्या लक्षात त्याचेच नाव राहते.

या जागेवरचा आमच्या पिढीतला सर्वांत गाजलेला खेळाडू म्हणजे इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन. त्याचा जन्म २५ मे १९७९ रोजी झाला. रग्बी युनियनच्या खेळात पैसे घेऊन खेळण्यास १९९५ च्या ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, शाळा संपवून हा मुलगा विद्यापीठाची वाट सोडून न्यूकॅसलच्या संघात दाखल झाला. म्हणजे खेळ हीच नोकरी मानणाऱ्या पहिल्या पिढीतला तो. ४ एप्रिल १९९८ रोजी आयर्लंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो प्रथम इंग्लंडकडून उतरला, तेव्हा त्याचे वय अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला आरंभापासून दहा क्रमांकावर खेळविण्यात आले. इंग्लंड तो सामना ७६-० असा हरले.

या पराभवानंतर त्याच्या सरावाला सीमा राहिली नाही. डेव्ह ऑलरेड नावाचे प्रशिक्षक त्याला फटक्याचे तंत्र शिकवीत. खांबांच्या मागे प्रेक्षकांत ‘डोरिस’ नावाची एक काल्पनिक बाई बसली आहे आणि चेंडू नेमका तिच्या हातांत पडला पाहिजे, असे ते त्याला सांगत. ठरविलेले फटके सलग मनासारखे बसेपर्यंत तो मैदान सोडीत नसे. एक फटका बिघडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नाताळच्या दिवशीही तो सरावाला जात असे. फटक्यापूर्वी गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात छातीपुढे एकमेकांत गुंफून तो उभा राहत असे. बाहेरचा कोलाहल दूर ठेवून मन एकवटण्याची ती त्याची पद्धत होती. पाहणाऱ्याला मात्र हा माणूस प्रार्थनाच करीत आहे असे वाटे.

२००३ च्या विश्वचषकात या तपश्चर्येला फळ आले. उपान्त्य सामन्यात इंग्लंडने फ्रान्सला २४-७ असे हरविले. ते चोवीसच्या चोवीस गुण एकट्या विल्किन्सनचे होते. २२ नोव्हेंबर रोजी सिडनी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध अंतिम सामना झाला. ऐंशी मिनिटांनंतर १४-१४ अशी बरोबरी, वाढीव वेळेतही १७-१७. शेवटची अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरली असता चेंडू विल्किन्सनच्या हाती आला. तो डावखुऱ्या पायाचा. परंतु चेंडू अशा ठिकाणी आला की फटका उजव्या, म्हणजे कमजोर पायाने मारणे भाग होते. त्याने तो मारला आणि इंग्लंड २०-१७ असे विश्वविजेते झाले.

हीच कथा काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या युवकांच्या बैठकीत रंगवून सांगितली होती. दहावी-बारावीची मुले समोर होती. वाशीच्या स्टेशनापासून चर्चपर्यंत येताना शिकवणी वर्गांच्या पाट्यांवर ज्यांचे फोटो आणि गुण झळकतात, त्या वयाची. आपल्या मुलांनी नेट धरावा, चंचलपणा सोडावा, एवढाच आमचा हेतू होता. उजव्या पायाच्या फटक्यापाशी आम्ही थांबलो. मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि आम्ही समाधानाने घरी परतलो.

त्या वर्षीच्या नाताळच्या रात्री मिस्सेत एक कुटुंब अपुरे दिसले. आईवडील होते, धाकटी बहीण होती. बारावीतला मुलगा नव्हता. हा मुलगा वेदीसेवक म्हणून आमच्या हाताखाली वाढलेला. मिस्सेनंतर आई आमच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “फादर, तो आला नाही म्हणून रागावू नका. पण सवड काढून घरी येऊन जा. नीट जेवत नाही, झोपत नाही. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दारावर कागदी तारा लटकत होता, कोपऱ्यात गव्हाणी मांडलेली होती, आईने नेवऱ्यांची बशी पुढे केली. आतल्या खोलीत मुलगा टेबलाशी बसला होता. जानेवारीत त्याची अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा होती. टेबलावरच्या भिंतीवर एक चित्र चिकटविलेले होते: हात गुंफून, वाकून उभा असलेला विल्किन्सन. त्याखाली कागदावर उभ्या रेघांची मोजणी होती, जागोजागी खोडलेली. आम्ही विचारले तेव्हा त्याने सांगितले की एक प्रश्नसंच बिनचूक सुटेपर्यंत उठायचे नाही. एक उत्तर चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आदल्या रात्री तो पहाटे तीनपर्यंत बसला होता आणि मोजणी पुरी झाली नव्हती.

“अरे, पण नाताळची मिस्सा?” आम्ही विचारले.

त्याने आमच्याकडे पाहिले. डोळे लाल झाले होते. “फादर, तुम्हीच सांगितलं होतं ना, तो नाताळलाही सरावाला जायचा.”

दारात आई उभी होती. आम्हांला उत्तर सुचले नाही. तीस वर्षांच्या सेवेत आमच्या प्रवचनांकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ भेटले. त्याचे फारसे दुःख कधी वाटले नाही. आमचे शब्द जसेच्या तसे पाळणारा हा एक भेटला आणि आम्ही खजील झालो.

घरी परतल्यावर आम्ही स्वतःला विचारले: या खेळाडूची कथा आपण २२ नोव्हेंबर २००३ ला का थांबविली? तो त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ खेळला. ती वर्षे आम्हांला अगदीच ठाऊक नव्हती असे नाही; टाळ्या मिळण्याच्या जागी थांबण्याचा मोह झाला, इतकेच. मग त्याचे पुढचे आयुष्य आम्ही नीट वाचून काढले.

विश्वचषकानंतर मानेच्या आणि खांद्याच्या दुखापतीवर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठतो तोच दंड दुखावला, गुडघा दुखावला, पुढे मूत्रपिंडालाही इजा झाली. सिडनीच्या त्या रात्रीनंतर इंग्लंडचा सदरा पुन्हा अंगावर घालण्यास त्याला १,१६९ दिवस वाट पाहावी लागली. ज्याने आपली किंमत फटक्यांच्या मोजणीत मांडली होती, त्याच्याकडून मोजायलाच काही उरले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आणि नंतरच्या अनेक मुलाखतींत त्याने मनातले उघड केले आहे. चुकण्याची भीती त्याला लहानपणापासून ग्रासत असे. सामन्याचा दिवस उजाडला की पोटात गोळा येई. तो रात्रंदिवस झटला तो खेळाच्या आनंदापेक्षा या भीतीमुळेच अधिक. आणि आश्चर्य असे की जग जिंकल्यावरही ती भीती गेली नाही. ज्या क्षणासाठी बालपणापासून जीव टाकला, तो क्षण आला आणि हातातून निसटून गेला; मागे पोकळी राहिली. पुढे निराशेच्या गर्तेतून त्याला जावे लागले.

३ फेब्रुवारी २००७ रोजी तो परतला. सामना होता स्कॉटलंडविरुद्ध, ‘कलकत्ता चषका’साठी. या चषकाची हकिगत आपल्या वाचकांना आवडेल. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात तेथल्या ब्रिटिशांनी रग्बीचा एक सामना खेळला आणि त्यातून पुढच्या वर्षी एक क्लब उभा राहिला. काही वर्षांत सभासद पांगले, खेळ रोडावला, आणि १८७८ मध्ये क्लब बंद करण्याची वेळ आली. शिल्लक पैसा सभासदांनी वाटून घेतला नाही. चांदीच्या २७० रुपयांची नाणी बँकेतून काढून वितळविली, भारतीय कारागिरीचा एक चषक घडविला, त्याला नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती बसविला, आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळत आले आहेत. मोडलेल्या क्लबाच्या चांदीचा हा चषक. आणि त्याच्याच सामन्यात मोडलेला विल्किन्सन सत्तावीस गुण मिळवून उभा राहिला. इंग्लंड ४२-२० असे जिंकले.

त्याच वर्षी इंग्लंड पुन्हा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचले, पण दक्षिण आफ्रिकेकडून १५-६ असे हरले. २००९ मध्ये विल्किन्सन फ्रान्समधील तुलाँ येथे गेला. अपयशाच्या भीतीने जगणे सोडून देण्यास तो सावकाश शिकला. त्यासाठी त्याने बौद्ध विचार वाचला, विज्ञानातील कूट प्रश्नांचा विचार केला. ती वाट आपली नव्हे. पण तो कशाच्या शोधात होता हे ओळखण्यास आपल्याला अडचण पडू नये. तुलाँच्या संघाने त्याच्या काळात २०१३ आणि २०१४ असे लागोपाठ दोन वर्षे युरोपचे अजिंक्यपद मिळविले आणि २०१४ मध्ये फ्रान्सचेही. त्यानंतर पस्तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. इंग्लंडसाठी ९१ सामने आणि १,१७९ गुण, असा त्याचा हिशेब नोंदला गेला आहे.

हे सारे वाचताना आम्हांला उडाऊ पुत्राच्या दृष्टान्तातला थोरला भाऊ आठवत राहिला. प्रवचनांत आपण धाकट्याविषयीच फार बोलतो. थोरला काही वाईट नव्हता. तो शेतात राबत होता, एकही आज्ञा त्याने मोडली नव्हती. परंतु आपल्या श्रमांची मोजणी तो मनात ठेवून होता आणि घरात वाद्ये वाजू लागली तेव्हा तो बाहेर उभा राहिला. बापाचे सर्वस्व आधीपासून त्याचेच होते. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, की सांगूनही पटले नव्हते, कोण जाणे. आमच्या त्या वेदीसेवकाला आम्ही नकळत त्या अंगणात उभे करून आलो होतो. आत नाताळ चालला होता आणि तो बाहेर रेघा मोजीत होता.

दुसरी आठवण झाली ती यार्देन नदीची. प्रभू येशूने बाप्तिस्मा घेतला तेव्हा स्वर्गीय पित्याने आपला हा पुत्र आपल्याला परमप्रिय असल्याचे प्रकट केले. त्या वेळी प्रभूच्या जाहीर कार्याला आरंभही झाला नव्हता. एकही रोगी बरा केला नव्हता, एकही प्रवचन दिले नव्हते. प्रीती आधी आली, कार्य नंतर. आपला बाप्तिस्मा याच क्रमाने होतो. मांडीवरच्या बाळाने काय मिळविलेले असते? संसाराच्या धबडग्यात मात्र आपण हा क्रम उलटा करतो आणि मुलांना सांगतो, आधी काही करून दाखव, मग पाहू.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही कष्टांची निंदा करीत आहोत. संत पौलाने शर्यतीत धावणाऱ्याच्या संयमाचे उदाहरण करिंथच्या लोकांपुढे ठेवले होते, आणि पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी स्वतः फुटबॉलमध्ये गोलरक्षण करीत असत. सराव हवाच. विल्किन्सनने उजवा पाय वर्षानुवर्षे घासला नसता तर तो चेंडू खांबांमधून गेला नसता. प्रश्न इतकाच, की माणूस प्रेम मिळावे म्हणून राबतो की प्रेम मिळालेले आहे म्हणून राबतो. दोघांचे हात सारखेच काम करतात. पण फटका हुकतो तेव्हा पहिल्याजवळ काही उरत नाही.

वर्षाच्या अखेरच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलासमोर बसून सांगितले, “मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली होती. चूक माझी आहे.” मग उरलेली गोष्ट सांगितली: ती भीती, ते १,१६९ दिवस, तो चांदीचा चषक. त्याने मध्ये काही विचारले नाही. शेवटी म्हणाला, “फादर, मग परीक्षेत कमी पडलो तर?” आम्ही वडिलांकडे पाहिले. ते गृहस्थ अबोल. पहाटे घर सोडणारे आणि रात्री परतणारे. ते उठले, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तर आपण दोघं मिळून दुसरं बघू.” आमच्या साऱ्या प्रवचनापेक्षा ते एक वाक्य मोलाचे होते. त्या रात्रीच्या मिस्सेला ते चौघेही आले होते.

त्या परीक्षेत त्याला हवे तितके गुण मिळाले नाहीत. ज्या महाविद्यालयाचे नाव घरात वर्षभर घेतले जात होते, तेथे प्रवेश मिळाला नाही. त्याने जवळच्या एका महाविद्यालयात विज्ञानाची पदवी घेतली आणि आता तो नोकरी करतो. रविवारी तो आमच्या लहान मुलांना फुटबॉल शिकवितो. परवा आम्ही सहज उभे राहून पाहत होतो. एका चिमुरड्याचा पेनल्टीचा फटका बाहेर गेला आणि ते पोर तिथेच मटकन बसले. याने चेंडू आणून दिला, त्याच्या शेजारी बसून काहीतरी सांगितले आणि त्याला हसविले. काय सांगितले ते आम्हांला ऐकू आले नाही.

सुज्ञ वाचकहो, परीक्षांचे महिने दर वर्षी येतात. आपल्या मुलांना अभ्यासाला अवश्य बसवावे. पण निकाल लागण्यापूर्वीच त्यांच्या डोक्यावर एकदा हात ठेवावा. आणि नाताळच्या रात्री त्यांना वह्यांवरून उठवून आपल्याबरोबर मिस्सेला आणावे. मोजणी तिथेच राहील; दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येते.